दाब, सोड, सोड

माझं नाव बाळ. सत्तरी जवळ आली तरी बाळच. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या घरात ‘बाळाला सरळ झोपव’, ‘बाळाची मान बघ’, ‘बाळाचं तोंड पूस’ अशी वाक्यं सतत चालू असतात आणि नव्या माणसाचा गोंधळ उडतो. ती माझ्याबद्दल नसतात. माझ्या मानेकडे बघायला पद्मजाला वेळ नाही.

पद्मजा माझी बायको. अर्धं आयुष्य तिनं उल्हासनगरला बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स म्हणून काढलं आणि नंतर अंबरनाथ पश्चिमेला एका नर्सिंगच्या शाळेत शिकवायला लागली. शिकवायला विषय पुष्कळ असतात, पण तिचं मन एकाच विषयात अडकलेलं. जन्मलेलं मूल रडलं नाही, श्वास घेईना, तर त्या पहिल्या मिनिटात काय करायचं. पुसायचं कसं, मान कशी ठेवायची, नाकातोंडावर मास्क कसा बसवायचा आणि रबराची पिशवी दाबून हवा आत कशी घालायची. बहुतेक मुलं आपसूक रडतात. हिला घोर असतो तो न रडणाऱ्या थोड्यांचा.

काळजी हा काही लोकांचा स्वभाव असतो, हिचा तो धंदाही आहे. लग्नाच्या हॉलमध्ये गेलो की बाकीच्या बायका नवरीची साडी बघतात आणि ही कुणाच्या तरी मांडीवर झोपलेल्या तान्ह्याची छाती बघते. वरखाली होतेय ना, एवढं दिसलं की मग जेवायला बसते. शेजारच्या मैत्रेयीला मुलगी झाली तेव्हा तिची सासू कौतुकानं सांगायला आली की पोरगी भारी शांत, जन्मली तेव्हासुद्धा रडली नाही. ते ऐकून पद्मजाचा चेहरा असा उतरला की सासूबाई पेढ्यांचा डबा ठेवून लगबगीनं निघून गेल्या. मग हिनं दोन दिवस त्या घराच्या चकरा मारल्या, कधी विरजण मागायला, कधी वर्तमानपत्र मागायला. मुलगी ठणठणीत होती. तिसऱ्या दिवशी तिनं भोकाड पसरलेलं भिंतीपलीकडून ऐकू आलं आणि आमच्याकडे त्या संध्याकाळी साखरभात झाला.

शाळेत शिकवायला एक परदेशी बनावटीची बाहुली होती, पण ती कपाटात कुलूपबंद असायची, कारण खराब झाली तर जबाबदारी कोणाची. पद्मजाचं त्यावरून प्रिन्सिपॉलबाईंशी वाजलं, आणि वाजलं की ती तोंडानं कमी बोलते आणि हातानं काहीतरी करून दाखवते. उल्हासनगरला गाड्यांची सीट कव्हरं शिवणारा एक सिंधी कारागीर तिनं शोधून काढला. त्याच्याकडून तान्ह्या बाळाच्या मापाची रेक्झिनची बाहुली शिवून घेतली. पोटात ब्लडप्रेशरच्या यंत्रातली रबरी पिशवी, आणि मान मागेपुढे होणारी. मान नीट ठेवली तरच हवा आत जाऊन छाती वर यायला हवी, हनुवटी छातीला टेकली तर अजिबात नाही, अशी तिची अट. त्या गृहस्थानं ती कितीदा शिवली आणि कितीदा उसवली. ‘साईं, इससे तो पूरी गाड़ी का कव्हर आसान है,’ असं म्हणत म्हणत शेवटी जमवली. तेव्हापासून ती बाहुली आमच्या सोफ्यावर असते आणि पाहुणे अंग चोरून बसतात.

पिशवी किती वेगानं दाबायची याला एक ताल असतो. पुस्तकात तो इंग्रजीत आहे. पद्मजाच्या मुली बदलापूरपलीकडच्या गावांतल्या, अंबरनाथच्या चाळींतल्या, काही उल्हासनगरच्या. घाबरल्या की त्यांच्या तोंडचं इंग्रजी आधी पळून जायचं आणि हात सुसाट सुटायचे. एक श्वास आत जायच्या आधीच दुसरा. म्हणून तिनं स्वतःचा मराठी ताल बसवला. दाब, सोड, सोड. ‘दाब’ म्हणताना पिशवी दाबायची, पहिल्या ‘सोड’ला हात सैल करायचा, दुसऱ्या ‘सोड’ला बाळाला हवा बाहेर टाकू द्यायची, मग पुन्हा दाब. आणि हे सगळं खालच्या पट्टीत, सावकाश, अंगाई म्हणावी तसं म्हणायचं, म्हणजे म्हणणारीचा जीव थाऱ्यावर राहतो.

मुलींना तो ताल फार आवडला. जिना उतरताना म्हणायच्या, एकमेकींच्या वेण्या घालताना म्हणायच्या. उन्नती नावाची एक आगरी मुलगी होती, बदलापूरजवळच्या गावातली. ती घरी तांदळाच्या भाकऱ्या थापताना म्हणायची आणि तिची आई विचारायची की हे कुठल्या देवाचं. उन्नती वर्गात सगळ्यांत धांदरट आणि पद्मजाची सगळ्यांत लाडकी. माझ्या हातचा चहा तिला आवडायचा, त्यामुळे माझंही तिच्याबद्दल मत चांगलं होतं.

पास होऊन मुली पांगल्या की हातातलं कसब जायला लागतं, असं पद्मजाचं म्हणणं. रोज काही असं मूल जन्माला येत नाही, आणि येतं तेव्हा पुस्तक उघडायला सवड नसते. म्हणून तिनं जुन्या मुलींसाठी रविवारी सकाळी फोनवर वर्ग सुरू केला. कॅमेरामन म्हणून माझी बिनपगारी नेमणूक झाली. मी आनंदनगरच्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. तिथे मॉक ड्रिलचा भोंगा झाला की लोक आधी चहा संपवायचे आणि मग उठायचे. आमच्या दिवाणखान्यात तशी सवलत नव्हती. फोन खाली धरा, इतका खाली नको, बाळाच्या छातीवर तुमची सावली पडतेय, हे सगळं मी निमूटपणे ऐकून घ्यायचो. पडद्यावरच्या चौकोनांत मुली बसलेल्या, कुणाकडे खरी पिशवी, कुणाकडे सॉसची रिकामी बाटली, आणि ओढणीत गुंडाळलेली उशी म्हणजे बाळ. पद्मजा इकडून ताल धरायची आणि तिकडून तो तुकड्यातुकड्यांत परत यायचा. दोघी एकदम बोलल्या की फोन एकीचा आवाज खाऊन टाकायचा. आम्ही त्यावर हसायचो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी वर्ग चालू असताना उन्नतीचा व्हिडिओ कॉल आला. तिला तोवर बदलापूरच्या एका छोट्या प्रसूतिगृहात नोकरी लागली होती आणि त्या दिवशी तिची ड्यूटी होती. ड्यूटीवरून ती कधीच फोन करत नसे. पद्मजानं वर्ग बंद केला आणि कॉल घेतला.

आधी छत दिसलं, मग पंखा, मग उन्नतीचा चेहरा. जिज्ञासा नावाची पहिलटकरीण होती. डॉक्टरीणबाई उल्हासनगरहून निघाल्या होत्या आणि वाटेत गर्दीत अडकल्या होत्या. मूल त्यांच्यासाठी थांबलं नव्हतं. आया जिज्ञासाजवळ होती. ‘मॅडम, रडत नाही,’ एवढंच उन्नती म्हणाली.

तिनं फोन कुणाच्या तरी हातात दिला. ती जिज्ञासाची सासू, चांगुणाबाई, हे आम्हाला मागाहून कळलं. तेव्हा फक्त हिरव्या बांगड्या आणि हलणारं चित्र दिसत होतं. पद्मजा खुर्चीच्या कडेला सरकली. पुसलंस का? पुसलं. मान बघ, हनुवटी जरा वर. मास्क डोळ्यांवर नको. आता दाब. छाती वर आली का? आली होती, आम्हालाही दिसली. मूल निळसर, ओलं, हातपाय सैल सोडून पडलेलं. मग पद्मजानं ताल धरला. दाब, सोड, सोड. दाब, सोड, सोड. तिचा आवाज इतका स्थिर होता की परक्याला वाटलं असतं, ही बाई भाजी निवडते आहे. पण तिचा डावा हात माझ्या मनगटावर होता आणि तिची नखं आत रुतत होती.

मग चित्र गोठलं. उन्नतीचा हात पिशवीवर, तसाच. पद्मजा थांबली नाही. चित्र अडकलं तरी आवाज पोचत असतो हे तिला रविवारच्या वर्गांनी शिकवलं होतं. ती म्हणत राहिली. मी फोन घेऊन खिडकीपाशी गेलो, तो उंच धरला, पुन्हा खाली आणला. मला इतकी भीती कारखान्यात गॅस सुटला होता तेव्हाही वाटली नव्हती, कारण तिथे निदान पळता येत होतं.

चित्र हललं तेव्हा उन्नतीचा हात पिशवीवर नव्हता. पिशवी ट्रेमध्ये ठेवलेली होती. उन्नती बाजूला उभी होती, खाली बघत. मूल टेबलावर तसंच पडलेलं होतं.

‘उन्नती, हात का थांबला?’ पद्मजानं विचारलं.

उन्नतीनं वर बघितलं. ‘मॅडम, तुम्हीच म्हणालात ना.’

‘काय म्हणाले मी?’

‘सोड म्हणून.’

पद्मजाला उभं राहिलेलं मी बघितलं, पण ती कधी उठली ते मला कळलं नाही. ‘दाब,’ ती म्हणाली. ‘उचल ती पिशवी आणि दाब.’ त्यानंतर तिनं फक्त तोच एक शब्द म्हटला. दाब. मधल्या दोन जागा तिनं मुक्या ठेवल्या, आणि त्या मुक्या जागांत मी श्वास धरून उभा होतो. पुष्कळ वेळ काहीच झालं नाही. मग मुलाला उचकीसारखं काहीतरी आलं. पुन्हा आलं. आणि मग ते रडलं, अगदी बारीक, खरं वाटू नये इतकं बारीक. फोन धरलेला हात खाली गेला आणि आम्हाला फक्त फरशी दिसू लागली. फरशीजवळ कुणीतरी मोठं माणूस हुंदके देत होतं. डॉक्टरीणबाईंचा आवाज आला आणि कॉल तुटला.

पद्मजा मला म्हणाली, चहा करा. मी केला. तो तसाच निवला.

मुलाला उल्हासनगरच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं. संध्याकाळी उन्नती आमच्याकडे आली, तोंड सुजलेलं. तिनं जे सांगितलं ते असं. चित्र अडकलं तेव्हा मूल श्वास घेत नव्हतं आणि हे गेलेलंच आहे असं तिच्या मनानं घेतलं होतं. म्हणून तिनं विचारलं, मॅडम, चालू ठेवू का? तो प्रश्न आमच्यापर्यंत आलाच नाही. ती विचारत असतानाच इकडे पद्मजा ‘दाब’ म्हणाली, आणि फोननं तो शब्द खाल्ला. उन्नतीचं बोलणं संपलं आणि तिला पुढचं तेवढं ऐकू आलं. सोड. सोड. खालच्या पट्टीत, सावकाश, मायेनं. विचारलेल्या प्रश्नाला मॅडमनी दिलेलं उत्तर. त्यानंतर चित्र हलेपर्यंत आवाजही तुटला होता. तिनं पिशवी खाली ठेवली.

आमच्या कारखान्यात क्रेनवाल्याला इशारा देणारा माणूस एकच असे आणि एका शब्दाला एकच अर्थ. ‘सोड’ म्हटलं की माल खाली यायचा, त्याचा दुसरा काही अर्थ कुणाच्या डोक्यात येऊ नये म्हणून आम्ही महिनोन्महिने तालीम करून घेतलेली. हे मी त्या संध्याकाळी बोललो नाही. पद्मजाला सांगायची गरजही नव्हती. ती उन्नतीला एकच विचारत होती, हात किती वेळ थांबला होता. उन्नती म्हणाली, आठवत नाही. थोडाच वेळ, मॅडम. थोडाच म्हणजे किती? उन्नती पुन्हा रडायला लागली आणि मी पद्मजाला म्हटलं, पुरे कर.

पुरे कुठलं व्हायला. किती वेळ, हा प्रश्न आमच्या घरात मुक्कामाला आला. मेंदूला हवा मिळाली नाही तर पुढे काय काय होऊ शकतं हे तिला पाठ होतं, आणि ती ते मला कधी सांगत नसे, त्यामुळे मी जास्तच घाबरायचो. जेवताना मध्येच घास हातात धरून विचारायची, ‘मान धरायला उशीर होईल का हो?’ मी म्हणायचो, नाही होणार. मला त्यातलं काय कळतंय, आणि तरी ती विचारायची आणि मी सांगायचो.

पुढच्या रविवारी तिनं वर्गात जाहीर केलं की आजपासून ‘सोड’ बंद. दाब, दोन, तीन म्हणायचं. का, तेही सांगितलं, फक्त उन्नतीचं नाव घेतलं नाही. मुली गंभीर झाल्या, माना डोलावल्या, आणि लगेच दोघीतिघी ‘दाब, दोन, सोड’ म्हणाल्या. तोंडात बसलेली चाल अशी सांगून निघत नाही. मग हिनं ज्या मुलींना कधीकाळी तो ताल शिकवला होता त्यांचे नंबर जमवायला घेतले. मुरबाड, कर्जत, शहापूर, एक लग्न होऊन सुरतेला, एक दुबईत. काही जणींचे नंबर बदलले होते. त्या सापडल्या नाहीत की हिचा दिवस वाईट जायचा. कुठल्या तरी खोलीत आत्ता कुणीतरी माझा शब्द म्हणत असेल, असं ती म्हणायची. मी म्हणायचो, त्या शब्दावर शेकड्यांनी पोरं जगली असतील, तीही धर की हिशेबात. ती माझ्याकडे बघायची आणि पुढचा नंबर फिरवायची.

उन्नतीनं नोकरी सोडायचं काढलं होतं. तिला पद्मजानं घरी बोलावून बाहुलीवर पुन्हा पहिल्यापासून बसवलं, आणि त्यात मायेपेक्षा दरारा जास्त होता. मूल काचेतून बाहेर आलं, मग घरी गेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, आज काही सांगता येत नाही, वाढताना बघत राहू. हे वाक्य उन्नतीनं आम्हाला येऊन सांगितलं आणि सोबत चांगुणाबाईंनी दिलेली पिशवी ठेवली. घरचे तांदूळ आणि भरपूर सुकी मासळी. मॅडमनी माझा नातू वाचवला, असा निरोप होता. पद्मजानं ती पिशवी ओट्याखाली सरकवली ती सरकवलीच. आमच्यासारख्या मासळीवर जीव टाकणाऱ्या कायस्थाच्या घरात सोडे आणि सुकट महिनाभर तशीच पडून राहणं किती गंभीर आहे, हे कायस्थालाच कळेल.

मग तिनं ठरवलं की त्या घरी जाऊन खरं काय ते सांगायचं. आमचं भांडण झालं. लग्नानंतर इतकं कडाक्याचं पहिल्यांदाच. दवाखाने फोडल्याच्या बातम्या मी रोज वाचतो. उन्नतीची नोकरी जाईल, उद्या पोलीस दारात येतील, आणि तू कोण, ना त्या प्रसूतिगृहाची नर्स ना डॉक्टर, तू फोनवरून सांगत होतीस, हे सगळं मी तिला ऐकवलं. मूल धडधाकट असेल तर सांगून काय मिळणार आणि नसेल तर सांगून काय परत येणार, असंही म्हणालो. मी घाबरलो होतो, म्हणून माझा आवाज चढला होता.

ती म्हणाली, ‘त्या बाई मला हात जोडतात. ते मी घेऊ कशी?’

‘मग मीही येतो,’ मी म्हटलं.

जिज्ञासाच्या घरी बारसं लांबवलं होतं. एरवी लगेच होतं ते, पण चांगुणाबाईंनी हट्ट धरला होता की पोराचं धड दिसेपर्यंत पाळणा नाही. तीन महिने उलटून गेल्यावर बोलावणं आलं. मॅडम आणि त्यांचे मिस्टर, दोघांनी यायचंच. बदलापूरहून रिक्षेनं गेलो. उन्नती आमच्याबरोबर होती आणि रस्ताभर ओढणीचं टोक पिळत होती. गाव आता नावालाच गाव, चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेले, पण चांगुणाबाईंच्या दारात मांडव होता, स्पीकर होता आणि आत ओळीनं बायका बसल्या होत्या. मला पुरुषांत खुर्ची मिळाली. तिथून आतलं सगळं दिसत होतं.

चांगुणाबाई म्हणजे काटक, सावळ्या, कपाळावर मोठं कुंकू. बांगड्यांवरून मी त्यांना ओळखलं. त्या पद्मजाचे पाय धरायला वाकल्या तशी ती दोन पावलं मागे सरकली. जिज्ञासानं मूल आणलं. ते एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरत होतं, मावशी, आत्या, शेजारणी, आणि पद्मजा नुसती त्याच्या मानेकडे बघत होती. पण ते कायम कुणाच्या तरी खांद्याला टेकलेलं, त्यामुळे काही कळत नव्हतं. माझ्या लक्षात दुसरंच आलं. कोण कुठे उभं आहे यापेक्षा कोण कुठे नाही हे बघायची मला नोकरीतली सवय. सगळ्यांनी मूल घेतलं, चांगुणाबाईंनी नाही. कुणी पुढे केलं की त्यांच्या हातात नेमकं ताट तरी असे, नाहीतर त्यांना स्वयंपाकघरात काहीतरी आठवे.

पद्मजानं त्यांना आतल्या खोलीत बोलावलं. मी उठून दारापाशी गेलो, कारण काही झालंच तर मला तिथे असायचं होतं. उन्नती चौकटीला धरून उभी होती. पद्मजानं आढेवेढे घेतले नाहीत. त्या दिवशी मध्ये पोरीचा हात थांबला होता, माझ्या शब्दामुळे थांबला, मी दाबायला सांगत होते आणि तिला सोडायला ऐकू आलं, तेवढा वेळ तुमच्या नातवाला हवा मिळाली नाही, आणि त्याचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही. वाचवला म्हणून माझे पाय धरू नका. एवढं बोलून ती थांबली.

उन्नती म्हणाली, ‘मॅडम, नका ना.’

चांगुणाबाई खाली बघत होत्या. मला वाटलं, आता ओरडतील. मी मांडवातल्या पुरुषांकडे एकदा बघून घेतलं. पण त्यांचा आवाज निघाला तो अगदी हळू.

‘मना म्हाइत हाय,’ त्या म्हणाल्या. ‘फोन माझेच हातान व्हता. तुमचा शब्द मी पन आयकला. ही पोर नव्हती सोडीत. ती पिशवी धरून माझे तोंडाकडं बघत रायली. मीच बोलली तिला. बाई सांगते तं सोड, बाय.’

पद्मजानं उन्नतीकडे बघितलं. इतके महिने उन्नती एकटीच सगळं स्वतःवर घेऊन बसली होती.

‘तू सांगितलं नाहीस,’ पद्मजा म्हणाली.

‘आजी आहेत त्या त्याच्या,’ उन्नती म्हणाली. ‘मी नोकरी बदलीन. त्यांना याच घरात राहायचंय.’

चांगुणाबाईंनी पदर तोंडाशी नेला. ‘माझे नातवाला मी सोडला,’ त्या म्हणाल्या. ‘आता कंच्या हातान घेव त्याला?’

मी पद्मजाला इतकी वर्षं बघतो आहे, पण ती यावर काय बोलेल याचा मला अंदाज नव्हता. ती बाहेर जाऊन जिज्ञासाकडून मूल घेऊन आली, खाली गोधडीवर त्याला उताणं ठेवलं आणि शेजारी बसली. त्याच्या दोन्ही हातांत आपली बोटं दिली आणि त्याला हळूहळू बसतं करायला ओढलं. हे ती मुलांची मान तपासायला करते, मी ते बघितलेलं होतं. खांदे उचलले गेले आणि डोकं मागेच राहिलं. मग डोकं डुललं, थरथरलं, आणि आलं. तो बसला. मान इकडे एकदा गेली, तिकडे एकदा गेली, आणि मधोमध येऊन थांबली. पद्मजाचे खांदे खाली आले. एवढ्या महिन्यांत मी ते खाली आलेले बघितले नव्हते, आणि सांगायला लाज कसली, मला रडू आलं.

तिनं त्याला उचलून चांगुणाबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि मग त्याच्या पाठीमागे धरले.

‘धड हाय ना?’ त्यांनी विचारलं.

‘आज आहे,’ पद्मजा म्हणाली. ‘पुढचं मी सांगू शकत नाही. बसेल, चालेल, बोलेल, ते बघत राहायचं. मी येत जाईन.’

चांगुणाबाईंनी मान हलवली. त्या मुलाकडे बघत होत्या आणि ते त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत होतं. ‘मी बोलली रं,’ त्या त्याला म्हणाल्या. ‘मीच बोलली.’ पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिल्या, आणि त्यानं त्यांच्या बांगडीला हात घातला. बाहेर पाळणा सजवून तयार होता, बायका गाणं धरून बसल्या होत्या. मूल आणा, म्हणून हाक आली. मग जिज्ञासा स्वतः आत आली आणि तिनं हात पुढे केले. चांगुणाबाईंनी ते दिलं नाही.